क्रोएशियन व्याकरण रोजच्या वाक्यांतून : मराठीचा हात धरून

वाक्यवेल

क्रोएशियन शिकायला घेतलेला मराठी माणूस सहसा इंग्रजीतून लिहिलेलं पुस्तक उघडतो, आणि सात विभक्ती, तीन लिंगं, कर्त्याशिवायची वाक्यं हे सगळं त्याच्यापुढे संकट म्हणून मांडलं जातं. त्यातली निम्मी संकटं मराठीला संकटं नाहीतच. उलट जिथे मराठी अगदी जवळून जाते आणि ऐनवेळी वेगळं वळण घेते, तिथे आपण चुकतो, आणि इंग्रजी पुस्तकात त्या जागांबद्दल अवाक्षर नसतं. म्हणून हा धागा. एकेक रोजचं वाक्य घ्यायचं आणि त्यातलं व्याकरण मराठीच्या शेजारी ठेवून बघायचं.

आधी लिपीचं. वाक्यं देवनागरीत लिहिते आहे. 'त्स' लिहिलं की 'चमचा'मधला च. 'च' लिहिलं की 'चिंच'मधला च. 'ज़' (खाली टिंब असलेला) लिहिलं की इंग्रजी 'measure'मधल्या s चा उच्चार. या दुसऱ्या च साठी क्रोएशियनमध्ये दोन अक्षरं आहेत, एकावर हूक आणि एकावर तिरकी रेघ. झाग्रेबमध्ये बरेच लोक दोन्ही सारखीच उच्चारतात, पण लिहिताना फरक पाळावाच लागतो. त आणि द नेहमी दंत्य, म्हणजे आपलेच. इंग्रजीच्या सवयीने ट, ड केलेत तर लगेच खटकतं. आणि 'त्र्ग' (चौक) या शब्दात स्वर नाही, र हाच स्वराचं काम करतो. तिथे 'त्रुग' म्हणू नका.

आता पहिलं वाक्य :

'ह्लाद्नो मि ये.' मला थंडी वाजतेय.

'मि' म्हणजे 'मला', चतुर्थी. 'या साम ह्लादान' असं प्रथमेत म्हणालात तर 'मी थंड आहे' असा अर्थ होतो, मराठीत होतो तसाच. याच साच्यातली आणखी :

'स्पावा मि से.' मला झोप येतेय.
'पिये मि से कावा.' मला कॉफी प्यावीशी वाटतेय.
'स्विजा मि से स्प्लित.' मला स्प्लित (शहर) आवडतं.
'स्विजायु मि से ओतोत्सि.' मला बेटं आवडतात.

शेवटची दोन नीट बघा. आवडणारी वस्तू प्रथमेत, आवडणारा माणूस चतुर्थीत, आणि क्रियापद वस्तूच्या वचनाप्रमाणे : स्विजा, स्विजायु. आवडतं, आवडतात. मराठी माणसाला यात नवीन काहीच नाही.

फसगत इथे होते : 'बोलि मे ग्लावा', माझं डोकं दुखतंय. 'मि' नाही, 'मे'. दुखणं द्वितीया घेतं. 'बोलि मि ग्लावा' ही चूक फार ऐकू येते, कारण वरचा साचा जिभेवर बसलेला असतो.

---

सह्यकडा

छान सुरुवात, वाक्यवेल. मी गावांच्या नावांवरून पुढे नेतो, कारण रोज लागणारी गोष्ट आणि मराठी माणसाची हमखास चूक इथे एकत्र येतात.

'इदेम उ झाग्रेब.' झाग्रेबला जातोय.
'रादिम उ झाग्रेबु.' झाग्रेबला काम करतो.

आपण 'पुण्याला जातो' आणि 'पुण्याला राहतो' दोन्हीकडे 'ला' लावतो. क्रोएशियनमध्ये 'उ' हे अव्यय तेच राहतं, पण पुढच्या नामाची विभक्ती बदलते. जाणं असेल तर द्वितीया, असणं असेल तर सप्तमी. त्यामुळे 'उ' ऐकलं की काम संपत नाही, नामाचं शेपूट ऐकावं लागतं. कुठून आलात, तर 'इझ झाग्रेबा'. ती षष्ठी. क्रोएशियनला वेगळी पंचमी नाही, तिचं काम षष्ठीच करते.

जोड्या अशा पाठ करा : 'उ'ने गेलात तर 'इझ'ने परत, 'ना'ने गेलात तर 'स'ने परत. 'इदेम उ श्कोलु' – 'इझ श्कोले'. 'इदेम ना पोसाओ' – 'स पोस्ला'. नोकरी, रेल्वे स्टेशन, समुद्र, समारंभ आणि बेटं 'ना' घेतात. 'ना ह्वार' म्हणजे ह्वारला (जाणं), 'ना ह्वारु' म्हणजे ह्वारवर (असणं). माणसाकडे जायचं असेल तर 'उ' किंवा 'ना' चालत नाही : 'इदेम दोक्तोरु' (नुसती चतुर्थी), 'कोद दोक्तोरा' असणं, 'ओद दोक्तोरा' परत येणं.

आता शब्दाचं अंग बदलतं ते. इंग्रजी बोलणारे इथे हैराण होतात. आपण माणूस – माणसाला, लाकूड – लाकडात असं सामान्यरूप आयुष्यभर करत आलो आहोत.

झादार – उ झाद्रु (मधला आ गळाला)
कार्लोवात्स – उ कार्लोव्त्सु (तेच)
रियेका – उ रियेत्सि (क चा त्स झाला)
विन्कोव्त्सि – उ विन्कोव्त्सिमा (हे गावाचं नावच अनेकवचनी आहे)
पुला – उ पुलि (काही घडलं नाही)

गळणाऱ्या 'आ'ला क्रोएशियन व्याकरणात 'टिकाऊ नसलेला आ' अशा अर्थाचं नाव आहे. प्रथमेत शेवटी दोन व्यंजनं एकत्र येऊ नयेत म्हणून तो आलेला असतो. पुढे प्रत्यय लागला की त्याची गरज संपते.

---

रानवारा

रियेकाचं रियेत्सि होतं, मग माच्का (मांजर)चं काय? कालच एका ॲपने 'माच्कि' बरोबर धरलं. मी 'माच्त्सि' लिहिलं होतं.

---

सह्यकडा

ॲप बरोबर आहे. नियम असा : आकारान्त स्त्रीलिंगी नामात चतुर्थी–सप्तमीचा 'इ' लागताना क चा त्स, ग चा झ, ह चा स होतो. रुका (हात) – उ रुत्सि, क्न्यिगा (पुस्तक) – उ क्न्यिझि, नोगा (पाय) – ना नोझि. पण 'च्क', 'त्स्क' असे जोड असतील तिथे हा बदल होत नाही, कारण झाल्यावर उच्चारच करता येणार नाही. माच्का – माच्कि, कोत्स्का (ठोकळा) – कोत्स्कि. माणसांची नावंही सहसा बदलत नाहीत. आन्का नावाच्या बाईला द्यायचं असेल तर 'आन्कि'.

---

अनुस्वार

बाजाराचा भाग मी घेते, कारण षष्ठी आणि संख्या तिथे एकदम समजतात.

'मोलिम किलु याबुका इ द्वादेसेत देका सिरा.' एक किलो सफरचंदं आणि २०० ग्रॅम चीज द्या.

'देका' म्हणजे १० ग्रॅम. चीज, हॅम असलं काही घेताना ग्रॅम नव्हे, देका बोलतात. दुकानात '२०० ग्रॅम' म्हटलं तर कळेल, पण समोरून उत्तर देकातच येईल, म्हणून कानाला सवय हवी.

मापाच्या पुढचं नाम षष्ठीत जातं. मोजता येणारी वस्तू षष्ठी अनेकवचनात ('याबुका', सफरचंदांचं), मोजता न येणारी षष्ठी एकवचनात ('सिरा'). मराठीत 'किलोभर सफरचंदं' म्हणताना आपण विभक्ती लावतच नाही, म्हणून हा प्रत्यय विसरतो. 'चाशा वोदे' (पेलाभर पाणी), 'लित्रा म्लियेका', 'मालो क्रुहा' (थोडा पाव), 'पुनो ल्युदि' (पुष्कळ माणसं), सगळीकडे हेच.

नसणं सांगतानाही षष्ठीच येते. 'नेमा म्लियेका', दूध नाही. 'नेमाम व्रेमेना', वेळ नाही. मराठी मनाला इथे प्रथमा हवीशी वाटते आणि 'नेमा म्लियेको' असं निघून जातं. 'नेमा' दिसलं की षष्ठी, हे डोक्यात कायमचं बसवा.

संख्या :

येद्ना कार्ता (एक तिकीट)
द्विये, त्रि, चेतिरि कार्ते
पेत काराता, देसेत काराता

१ ला प्रथमा एकवचन. २, ३, ४ ला एक रूप, जे दिसायला षष्ठी एकवचनासारखं. ५ पासून षष्ठी अनेकवचन. शेवटचा आकडा बघायचा, म्हणून २१ ला पुन्हा 'कार्ता' आणि २२ ला 'कार्ते'. अपवाद ११ ते १४, तिथे कायम 'काराता'. दोनची दोन रूपं आहेत : स्त्रीलिंगाला 'द्विये', पुल्लिंग आणि नपुंसकलिंगाला 'द्वा'.

घड्याळही याच नियमाने चालतं : 'उ येदान सात', 'उ द्वा साता', 'उ पेत साति'. १ जानेवारी २०२३ पासून चलन युरो झालं. 'येदान एउरो, द्वा एउरा, पेत एउरा', इथे दोन आणि पाचची रूपं दिसायला सारखी, त्यामुळे बिल देताना चुकायला वावच नाही. आधीच्या 'कुना' या चलनात होता : 'द्विये कुने, पेत कुना'.

एक बारकावा पुस्तकात मागे कुठेतरी लपलेला असतो. पाचच्या पुढचा गट कर्ता झाला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनी होतं : 'पेत ल्युदि ये दोश्लो', पाच माणसं आली. 'दोश्लि' नव्हे.

---

वाक्यवेल

अनुस्वार, संख्यांचा भाग नेमका झाला. 'पेत कावा' (पाच कॉफ्या) आणि 'कावा' (कॉफी) लिहायला सारखे दिसतात, पण षष्ठी अनेकवचनात शेवटचा 'आ' लांब. कान तयार व्हायला वेळ लागतो, पण संख्या आधी असते म्हणून अडत नाही.

आता कर्म. हे मराठीला अगदी आपलं आहे :

'विदिम आउतोबुस.' मला बस दिसतेय.
'विदिम वोझाचा.' मला ड्रायव्हर दिसतोय.

पुल्लिंगी निर्जीव नामाची द्वितीया प्रथमेसारखीच राहते, सजीवाला 'आ' लागतो. मराठीत दोन्ही वाक्यांत 'मला' आल्यामुळे हे झाकलं जातं, म्हणून दुसरं उदाहरण घ्या : 'मी बस शोधतोय' पण 'मी ड्रायव्हरला शोधतोय'. निर्जीव कर्म उघडं, सजीव कर्माला प्रत्यय. तीच जाणीव इथे वापरायची. कुत्रा-मांजरासारखे प्राणीही सजीवच. आकारान्त स्त्रीलिंगी नामात मात्र हा भेद नाही, माणूस असो की कॉफी, 'आ'चा 'उ' होतो : कावा – कावु, सेस्त्रा – सेस्त्रु.

आणि आता सगळ्यात मोठा सापळा, भूतकाळ.

'या साम दोशाओ / दोश्ला.' मी आलो / आले.

इथवर मराठीच. पुरुष बोलतोय की बाई, ते क्रियापदातच कळतं. पण सकर्मक वाक्य घ्या. मराठीत 'इवानने कॉफी प्यायली', 'आनाने चहा प्यायला'. क्रियापद कर्माकडे बघतं. क्रोएशियनमध्ये ते कर्त्याकडेच बघतं, नेहमी :

'इवान ये पोपिओ कावु.' (इवान पुल्लिंगी, कॉफी स्त्रीलिंगी, तरी पोपिओ)
'आना ये पोपिला चाय.' (चहा पुल्लिंगी, तरी पोपिला)

मराठी बोलणारे घाईत 'इवान ये पोपिला कावु' म्हणून जातात, आणि ऐकणाऱ्याला इवान बाई वाटते. इंग्रजी किंवा जर्मन बोलणाऱ्याला ही चूक होतच नाही, ती आपली खास आहे. उपाय एकच. सकर्मक भूतकाळाचं वाक्य मनात मराठीतून जुळवू नका, 'इवान प्यायलेला आहे' असा विचार करा. शब्दशः रचनाही तशीच आहे, 'असणे'चं रूप अधिक धातुसाधित.

मानार्थी 'वि' म्हणजे आपलं 'तुम्ही'. एकट्या बाईशी बोलतानाही क्रियापद पुल्लिंगी अनेकवचनी : 'गोस्पोजो, येस्ते लि दोश्लि?' दुकानात, बँकेत, घरमालकाशी, वयाने मोठ्या माणसाशी 'वि'च. 'ति'वर समोरच्याने बोलावल्याशिवाय येऊ नये.

---

कडेलोट

'साम', 'से', 'मि' हे शब्द वाक्यात नेमके कुठे ठेवायचे? 'साम उमोरान' (दमलोय) चुकीचं, 'उमोरान साम' बरोबर, 'या साम उमोरान' पण बरोबर. यामागे नियम आहे की सवय?

---

सह्यकडा

पक्का नियम आहे. या शब्दांना स्वतःचा आघात नसतो, ते आधीच्या शब्दाला टेकून उच्चारले जातात. वाक्याच्या सुरुवातीला टेकायला काही नसतं, म्हणून तिथे ते येऊ शकत नाहीत. त्यांची जागा वाक्यात दुसरी.

'युचेर साम कुपिओ कार्तु.' काल तिकीट घेतलं.
'कुपिओ साम युचेर कार्तु.' तेच.
'सुत्रा चु कुपिति कार्तु.' उद्या तिकीट घेईन.
'कुपित चु कार्तु सुत्रा.' तेच.

शेवटच्यात 'कुपिति'चा 'इ' गेला, कारण 'चु' (भविष्यकाळ दाखवणारा छोटा शब्द) लगेच नंतर आला. लिहिताना त ठेवतात, बोलताना 'कुपिचु' असं ऐकू येतं. 'दोचि'सारख्या '-चि' अंती क्रियापदांना हे लागू नाही : 'दोचि चु'.

दुसरी जागा म्हणजे पहिल्या शब्दानंतर किंवा पहिल्या पूर्ण पदानंतर, दोन्ही चालतं. 'मोया सेस्त्रा ये उ झाद्रु' आणि 'मोया ये सेस्त्रा उ झाद्रु', दोन्ही बरोबर. दुसरं जरा पुस्तकी. 'इ' (आणि) हे अव्यय पहिल्या जागेत धरत नाहीत. 'दा' (की) मात्र धरतात आणि छोटे शब्द लगेच त्याला चिकटतात : 'मिस्लिम दा साम गा विदिओ', मला वाटतं मी त्याला पाहिलं.

असे दोन-तीन शब्द एकत्र आले तर क्रम ठरलेला : प्रश्नाचा 'लि', मग 'साम, सि, स्मो, स्ते, सु' किंवा 'चु'ची रूपं, मग चतुर्थी, मग द्वितीया, मग 'से', आणि सगळ्यात शेवटी 'ये'.

'येसि लि मु गा दाओ?' तू त्याला तो दिलास का?
'दाओ साम मु गा.' दिला.
'दाओ मु गा ये.' त्याने त्याला तो दिला.

'साम' चतुर्थीच्या आधी, 'ये' शेवटी. हा भेद समजावून अंगवळणी पडत नाही, वरची तीन वाक्यं मोठ्याने म्हणत राहायची. कर्म स्त्रीलिंगी असेल तर 'तिला'साठीचा शब्दही 'ये' असतो. दोन 'ये' शेजारी आले तर पहिल्याचा 'यु' होतो : 'विदिओ यु ये', त्याने तिला पाहिलं.

---

अनुस्वार

'येसि लि…' वरून आठवलं. प्रश्न विचारायला 'क्रियापद + लि' हीच प्रमाण क्रोएशियनची पद्धत. 'इमाते लि सोबु?' (खोली आहे का?), 'मोज़ेते लि मि पोमोचि?' (मदत कराल का?). दुसऱ्या वाक्यात 'मि' चतुर्थी आहे, मदत 'मला' करायची. 'दा लि' ने सुरू होणारे प्रश्न बोलण्यात येतात, पण लेखी परीक्षेत टाळा. तसंच 'ज़ेलिम दा कुपिम' असं कुठे शिकवलं असेल तर ते सर्बियन वळण आहे. क्रोएशियनमध्ये 'ज़ेलिम कुपिति'. पावाला 'क्रुह', रेल्वेगाडीला 'व्लाक', हजाराला 'तिसुचा', हे क्रोएशियन शब्द. इंटरनेटवरचं साहित्य बऱ्याचदा दोन्ही मिसळून देतं. आणि झाग्रेबच्या रस्त्यावर 'श्तो' (काय)ऐवजी 'काय' ऐकू आलं तर दचकू नका. तिथल्या काय्काव्स्कि बोलीत 'काय' म्हणजे खरंच काय.

---

रानवारा

क्रियापदांच्या जोड्या मला अजून जमत नाहीत. 'पिसाति' आणि 'नापिसाति' दोन्हीचा अर्थ शब्दकोशात 'लिहिणे'.

---

वाक्यवेल

रानवारा, मराठीत एक सोपी कसोटी आहे. 'तासभर' की 'तासाभरात'?

'पिसाओ साम सात व्रेमेना.' तासभर लिहीत होतो.
'नापिसाओ साम झा सात व्रेमेना.' तासाभरात लिहून काढलं.

'तासभर' बसत असेल तर अपूर्ण रूप, 'तासाभरात' बसत असेल तर पूर्ण रूप. मराठीत 'लिहून काढणं', 'पिऊन टाकणं' म्हणणं ऐच्छिक आहे, 'लिहिलं' म्हणूनही भागतं. क्रोएशियनमध्ये प्रत्येक वेळी दोनांतलं एक निवडावंच लागतं. सगळ्यात बोलकं वाक्य : 'उचिओ साम, आलि निसाम नाउचिओ.' शिकत होतो, पण शिकून झालं नाही.

तीन जागा जिथे निवड जवळजवळ ठरलेलीच असते. आत्ता चाललेली गोष्ट नेहमी अपूर्ण : 'पियेम कावु'. 'पोपियेम' हे 'आत्ता पितोय' या अर्थी वापरताच येत नाही. सुरू करणं, थांबणं यांच्या पुढे नेहमी अपूर्ण : 'पोचेओ साम उचिति'. रोजची सवय सांगताना सहसा अपूर्ण : 'स्वाकि दान कुपुयेम क्रुह', पण आजचं एकदाचं काम 'मोराम कुपिति क्रुह'.

शब्द पाठ करताना जोडीनेच करा : कुपोवाति–कुपिति, पिति–पोपिति, चेकाति–प्रिचेकाति, दोलाझिति–दोचि. उपसर्गावरून अंदाज बांधू नका. 'पो', 'ना', 'प्रि' यांपैकी कुठलं लागेल ते क्रियापद ठरवतं.

---

कडेलोट

धन्यवाद, 'तासाभरात'मुळे खूपच स्पष्ट झालं.

थोडं अवांतर. या विभक्तींना प्रथमा, तृतीया असं संस्कृतच्या नावाने ओळखणं सोयीचं आहेच, पण क्रोएशियन आणि संस्कृत यांचा एक जुना धागाही आहे. युरोपात छापलेलं पहिलं संस्कृत व्याकरण १७९० साली रोममध्ये निघालं. ते लिहिणारा पाउलिनुस हा पाद्री ऑस्ट्रियातल्या क्रोएशियन कुटुंबात जन्मलेला, मूळ नाव वेझ्दिन, आणि मलबारात १७७६ ते १७८९ राहिलेला.

---

अनुस्वार

उत्तम माहिती! मग तृतीयाही उरकून टाकू, ती आपल्याला सर्वात सोपी. साधन असेल तर नुसता प्रत्यय, सोबत असेल तर 'स' अव्यय.

'पुतुयेम आउतोबुसोम.' बसने जातो.
'पुतुयेम स प्रियातेल्येम.' मित्राबरोबर जातो.
'पिशेम ओलोव्कोम.' पेन्सिलीने लिहितो.
'कावा स म्लियेकोम', दूध घातलेली कॉफी. 'कावा बेझ शेचेरा', बिनसाखरेची ('बेझ'ला षष्ठी).

'ने' आणि 'बरोबर' यांतला फरक जसाच्या तसा लागू पडतो. तरी 'स आउतोबुसोम' ही चूक होते, ती इंग्रजीतून विचार केल्यामुळे. प्रत्यय पुल्लिंगात साधारण 'ओम', पण मऊ व्यंजनानंतर (ल्य, न्य, च, श, य वगैरे) 'एम' : प्रियातेल्येम, त्राम्वायेम. पुढचा शब्द स, श, झ, ज़ ने सुरू होत असेल तर 'स'चा 'सा' होतो : 'सा शेचेरोम'.

आणि 'स्वोय' म्हणजे आपला 'आपला'. 'इवान पिये स्वोयु कावु', इवान आपली कॉफी पितोय. 'इवान पिये न्येगोवु कावु', दुसऱ्या कुणाची तरी पितोय. फरक एवढाच की 'मी माझी कॉफी पितोय' इथेही क्रोएशियन 'स्वोयु' पसंत करते.

---

रानवारा

सगळं वाचून पाच वाक्यं जुळवली. तपासाल का?

१. सुत्रा इदेम स व्लाकोम उ स्प्लितु.
२. मोलिम द्वा कार्ते.
३. मोय ब्रात ये कुपिला क्न्यिगु.
४. से झोवेम रोहन.
५. नेमाम व्रियेमे.

---

सह्यकडा

१. 'सुत्रा इदेम व्लाकोम उ स्प्लित.' गाडी साधन आहे, 'स' नको. जाणं आहे, म्हणून द्वितीया, आणि स्प्लित निर्जीव पुल्लिंगी असल्याने रूप बदलत नाही.

२. 'द्विये कार्ते.' तिकीट स्त्रीलिंगी.

३. 'कुपिओ.' ब्रात (भाऊ) पुल्लिंगी. तुम्ही पुस्तकाकडे बघून क्रियापद लावलंत, वाक्यवेल यांनी वर सांगितलेला सापळा हाच.

४. 'झोवेम से रोहन' किंवा 'या से झोवेम रोहन'.

५. 'नेमाम व्रेमेना.' विभक्ती लागताना या नामात 'एन' शिरतो आणि 'व्रिये'चं 'व्रे' होतं. 'इमे' (नाव) – 'इमेना' हे त्याच कुळातलं, तेही सोबतच पाठ करून टाका.